खाजणारा कान, मुका सांधा

मांजर पाळणाऱ्या घरांत डॉक्टरकडे जायचं ठरतं ते बहुतेक वेळा उलट्या, जुलाब, नाहीतर मारामारीत झालेली जखम यांमुळे. कान आणि सांधे या यादीत फार खाली असतात. कानाचं दुखणं निदान दिसतं तरी. मांजर मागच्या पायाने खसाखसा खाजवतं, मान झटकतं, रात्री पलंगाखाली बसून तोच उद्योग करतं आणि घरच्यांची झोप मोडतं. मग त्यावर काहीतरी केलं जातं, आणि अडचण नेमकी त्या ‘काहीतरी’त असते. सांध्यांचं उलट. तिथे काहीच केलं जात नाही, कारण दुखतंय हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘म्हातारी झाली, आता झोपूनच असते’ एवढ्यावर विषय संपतो. एकीकडे न बघता उपचार, दुसरीकडे उपचार सोडाच, बघणंसुद्धा नाही. गेल्या २५ वर्षांत या दोन्ही बाबतींत पशुवैद्यकाला बरंच नव्याने कळलं आहे. घराघरांत मात्र त्यातलं फारसं पोचलेलं नाही.

आधी कान. मांजराच्या कानाची पाळी हलवायला ३०च्या आसपास स्नायू असतात आणि दोन्ही कान एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना वळू शकतात. रिकी आणि हेन्री हेफ्नर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये मांजराची श्रवणक्षमता मोजली, ती ४८ हर्ट्झपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंत भरली. माणसाचं ऐकणं २० किलोहर्ट्झलाच संपतं. उंदराच्या पिल्लांचे पुष्कळसे आवाज त्याच्या पलीकडचे असतात, म्हणून आपल्याला शांत वाटणाऱ्या माळ्याकडे मांजर तासन्‌तास टक लावून बसतं. पण रोगांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती आतली रचना. कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात डोक्याच्या दिशेने वळते. त्या वळणापलीकडे पडदा. त्यामुळे वरून बॅटरी मारून जेवढं दिसतं तो अर्धाच कान. इअरबड आत घातला की मळ बाहेर येण्याऐवजी वळणाशी ठासला जातो. निरोगी नळीची त्वचा मळ आपणच हळूहळू बाहेर सरकवत असते. ज्या मांजराचा कान आतून फिकट गुलाबी, कोरडा आणि बिनवासाचा आहे, त्याच्या कानाला हात लावायचं कारणच नाही. दर रविवारी कान साफ करण्याची शिस्त काही हौशी मंडळी पाळतात, ती मांजराच्या काही कामाची नाही.

कानाच्या तक्रारींत पिल्लांमध्ये पहिला नंबर माइटचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कीटकासारख्या आठपायी जिवाचा. शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. रस्त्यावरून, गोठ्यातून किंवा इमारतीच्या जिन्याखालून उचलून आणलेल्या पिल्लाच्या कानात दळलेल्या कॉफीसारखा काळपट, भुसभुशीत मळ दिसला तर संशय याचाच घ्यावा. खात्री करणं अवघड नाही. कानाच्या तोंडाशी आलेला थोडा मळ कापसावर घ्या, काळ्या कागदावर पसरा, वर टेबललॅम्प धरा आणि भिंगातून पाहा. कणाएवढे पांढरे ठिपके आपणहून सरकताना दिसले की झालं. डॉक्टर हेच काम काचेच्या पट्टीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली करतात. तिथे पाय मोजता येतात, अंडीही दिसतात.

अंडी दिसणं महत्त्वाचं, कारण घरगुती उपचार फसतात ते तिथेच. अंडं चारेक दिवसांत फुटतं आणि त्यातून निघालेला जीव पूर्ण वाढायला एकूण तीनेक आठवडे जातात. पाच दिवस थेंब घातले, खाज थांबली, बाटली कपाटात गेली. मग पंधरवड्याने पुन्हा तोच मळ. शिवाय हे जीव फक्त कानात राहत नाहीत. मांजर वेटोळं करून झोपतं तेव्हा शेपटीचं टोक कानाशी येतं, त्यामुळे शेपटी आणि मान हेही त्यांचे अड्डे. घरातल्या दुसऱ्या मांजराला आणि कुत्र्यालाही ते सहज लागतात. हल्ली सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेलं औषध मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर सोडतात. फ्लुरालानर आणि सारोलानर ही त्यानंतरची भर. असं औषध अंगभर पसरतं आणि कानात एकही थेंब न घालता काम होतं. नखं काढून चावणाऱ्या मांजराला दोघांनी धरून दिवसातून दोनदा थेंब घालण्याचे हाल ज्यांनी काढलेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध दिलं नाही तर हे चक्र चालूच राहतं.

काळा मळ म्हणजे माइटच असं समजू नये. वर्षानुवर्षं घरातच असलेल्या, नवा सोबती न आलेल्या प्रौढ मांजराच्या कानात अचानक माइट येण्याची शक्यता कमी. तिथे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट बुरशी, जिवाणूंचा संसर्ग किंवा त्या दोन्हींच्या मागे असलेली ॲलर्जी शोधावी लागते. अन्नाची ॲलर्जी असेल तर कानाबरोबर तोंड आणि मानही खाजते आणि कितीही थेंब घाला, दोन महिन्यांनी गाडी मूळ पदावर. अशा वेळी डॉक्टर आठ आठवडे एकाच, आधी कधी न खाल्लेल्या प्रथिनावर ठेवायला सांगतात. या काळात एखाद्याने प्रेमाने बोंबिलाचा तुकडा टाकला की मोजणी पहिल्यापासून.

आता त्या ‘काहीतरी’कडे. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या कानात तेल घालण्याची जुनी सवय, तीच मांजरावर चालवली जाते. खोबरेल, मोहरीचं, लसूण तळलेलं, कडुलिंबाचं. साधं खनिज तेल माइटना गुदमरवतं हे खरं आणि एके काळी डॉक्टरही ते वापरत. पण अंड्यांवर त्याचा परिणाम नाही आणि पडदा फाटलेला असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरतं. लसूण सोललेल्या कातडीची आग करतो. टी ट्री ऑइल तर मांजरासाठी विषच, थेंबाथेंबाने. सर्वांत धोक्याचं मात्र वेगळंच आहे: कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषध. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज पचवतो. मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. काही तासांत थरथर, मग झटके, वेळेवर दवाखाना गाठला नाही तर मृत्यू. ‘कुत्र्याला चालतं, याला थोडंसं लावू’ या एका वाक्याने अनेक मांजरं गेली आहेत. वेष्टनावर मांजराचं चित्र नसेल तर ते औषध मांजराचं नाही, एवढं तरी पक्कं धरावं.

माणसांचे किंवा आधीच्या कुत्र्याचे उरलेले कानाचे थेंब हा दुसरा प्रकार. त्यांत बऱ्याचदा जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. पडदा शाबूत असेपर्यंत ठीक. फाटलेला असेल तर ही औषधं अंतर्कर्णाच्या नाजूक पेशी मारतात आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. जखम धुवायला वापरतात ते क्लोरहेक्सिडिनही याच माळेतलं. म्हणून चांगला डॉक्टर आधी ऑटोस्कोपने पडदा बघतो आणि मगच चिठ्ठी लिहितो. न बघता थेंब लिहून देणारे डॉक्टर आहेत. त्यांना ‘पडदा बघितलात का?’ असं विचारायला संकोचू नये.

मांजराच्या मध्यकर्णाची हाडाची पोकळी एका पडदीने दुभागलेली असते आणि डोळ्याकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा एक पदर तिच्या अगदी जवळून जातो. म्हणून कानाचा रोग कधी कधी डोळ्यात दिसतो. एका बाजूची बाहुली बारीक, पापणी उतरलेली, कोपऱ्यातली तिसरी पापणी वर आलेली. संसर्ग आणखी आत गेला तर मान एका बाजूला कलते, बुबुळं लटपटतात, मांजर गोल गोल फिरतं नाहीतर कोलमडतं. घरचे घाबरून अर्धांगवायू म्हणतात. तरुण मांजरात यामागे पुष्कळदा मध्यकर्णात उगवलेला पॉलिप असतो. हा कर्करोग नाही, सुजेतून वाढलेला मांसाचा गोळा. तो कानाच्या नळीत किंवा घशामागे डोकावतो, तेव्हा मांजर घोरल्यासारखा श्वास घेतं. भूल देऊन चिमट्याने ओढून काढतात. परत उगवला तर खालच्या बाजूने हाडाची पोकळी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. त्याआधी सीटी स्कॅन. ही सोय आपल्याकडे मोठ्या शहरांपुरतीच आहे.

कानाच्या बाहेरचे रोग थोडक्यात. फार खाजवून, मान झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कातडी व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठून पाळी टम्म फुगते. तसंच सोडलं तर ती कालांतराने आक्रसून वेडीवाकडी होते. पण गोळा काढून मूळ खाज तशीच ठेवली तर तो परत होतो. पाळीच्या कडेला राखाडी, जाड खपल्या धरून त्या कपाळावर, पापण्यांवर पसरू लागल्या तर ती नोटोएड्रिस नावाच्या माइटची खरूज. भटक्या मांजरांत ती आपल्याकडे सर्रास दिसते आणि सांभाळणाऱ्याच्या हातांवरही खाज उठवते. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकांना केस विरळ आणि रंगद्रव्य नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे त्वचेचा कर्करोग होतो. सुरुवातीला ती केवळ न भरणारी खपली वाटते. त्या टप्प्यावर पाळीचा तुकडा काढला की बहुतेक मांजरं बरी होतात, उशीर झाला की नाही. आपल्या उन्हात पांढरं मांजर गच्चीवर दुपारभर पसरलेलं असेल तर त्याचे कान अधूनमधून बघत जावेत. रस्त्यावरच्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक मात्र सरळ कापलेलं दिसलं तर ती जखम नव्हे. नसबंदी झाल्याची ती खूण.

पांढऱ्या रंगाचं आणखी एक प्रकरण आहे. डार्विनने १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये निळ्या डोळ्यांची मांजरं हटकून बहिरी असतात असं लिहिलं, पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण पांढऱ्या आणि निळ्या डोळ्यांच्या मांजरांपुरतं आणि ‘सहसा’ असं ते सौम्य केलं. दुरुस्ती योग्य होती. दोन्ही डोळे निळे असलेल्या शुभ्र मांजरांपैकी ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, उरलेली ऐकतात. हे बहिरेपण जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येतं आणि त्यावर उपचार नाही. गरजही फारशी नाही: अशी मांजरं घरात मजेत जगतात, फक्त त्यांना रस्त्यावर सोडू नये.

कान आणि सांधे यांची गाठ एका जातीत फार वाईट रीतीने पडली आहे. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थशायरात, कूपार अँगसजवळच्या एका शेतावर, दुमडलेल्या कानांची सुझी नावाची पांढरी भाटी विल्यम रॉस या मेंढपाळाच्या नजरेत भरली. तिच्या वंशातून स्कॉटिश फोल्ड ही जात आली. पिल्लं सरळ कानांनीच जन्मतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींचे कान पुढे दुमडतात, कारण पाळीतली कूर्चा स्वतःचं वजन पेलत नाही. आता कूर्चा काही फक्त कानात नसते. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्यांना हा गुणधर्म आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला आहे त्या मांजरांचेही सांधे बिघडतात. २०१६ मध्ये दोष टीआरपीव्ही४ या जनुकात सापडला. घोट्यांच्या आणि पंजांच्या हाडांवर अस्थींचे उंचवटे येतात, शेपटी जाड आणि ताठर होते, पाय आखूड राहतात. दोन्हीकडून दोष आला तर मांजर काही महिन्यांतच लंगडू लागतं. म्हणून पैदास करणारे फोल्डचा जोड सरळ कानाच्या मांजराशी लावतात आणि प्रश्न सुटला असं सांगतात. तो सुटत नाही, सौम्य होतो, आणि किती सौम्य हे पिल्लू विकत घेताना कुणीच सांगू शकत नाही.

समाजमाध्यमांवर या मांजरांचे, मागचे पाय पुढे पसरून माणसासारखे बसलेले फोटो लाखोंनी आवडतात. त्यातली कितीतरी तशी बसतात कारण नेहमीसारखं बसणं दुखतं. ब्रिटनच्या मुख्य मांजर-नोंदणी संस्थेने या जातीची नोंदणी १९७०च्या दशकातच थांबवली. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागाने २०२१ मध्ये पैदास आणि विक्री बंद केली. नेदरलँड्सने पैदाशीवर २०१४ मध्ये आणि १ जानेवारी २०२६ पासून नव्याने पाळण्यावरही बंदी घातली. मुंबई-पुण्यात मात्र दुमडलेल्या कानाला सरळ कानापेक्षा जास्त भाव येतो. पैसे मोजून रोग विकत घेणं म्हणतात ते हेच, आणि इथे मवाळ बोलण्यात अर्थ नाही: घरात आधीच असलेल्या फोल्डची काळजी जन्मभर घ्यावी, नवं आणू नये.

बाकीच्या मांजरांच्या सांध्यांकडे वळलं की पहिला धक्का आकड्यांचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे जुने एक्स-रे पुन्हा तपासून २००२ मध्ये अहवाल आला: ९० टक्क्यांत सांध्यांची किंवा मणक्यांची झीज. मग तिथल्याच डंकन लॅसेल्स यांच्या गटाने २०१० मध्ये सहा महिन्यांपासून २० वर्षांपर्यंतची १०० मांजरं, कुठलीही तक्रार न बघता निवडली आणि प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढला. ९२ जणांत कुठे ना कुठे झीज निघाली. सर्वांत जास्त खुब्यात, खालोखाल गुडघा, घोटा, कोपर. वय वाढेल तसे झिजलेले सांधे वाढत गेले. या आकड्यांचा अर्थ दहातली नऊ मांजरं कण्हताहेत असा नाही. एक्स-रेत भयानक दिसणारा सांधा कधी दुखत नाही आणि स्वच्छ दिसणारा दुखतो. पण हा रोग दुर्मीळ आहे ही समजूत त्या दोन अभ्यासांनी कायमची मोडली.

मग इतकी वर्षं तो दिसला का नाही? कुत्रा एका पायाने लंगडतो, मालक पाहतो. मांजराचे बहुधा दोन्ही खुबे, दोन्ही कोपरं एकत्र झिजतात, त्यामुळे लंगडायला चांगली बाजूच उरत नाही. ते फक्त काही गोष्टी करणं सोडून देतं. फ्रिजवर एका उडीत चढणारं मांजर आधी खुर्चीवर, मग ओट्यावर, मग फ्रिजवर जाऊ लागतं. उतरतानाचं अधिक बोलकं: काठावर येऊन थांबतं, पुढचे पंजे कपाटाच्या दारावरून खाली खाली सरकवत नेतं, जमिनीचं अंतर शक्य तितकं कमी करतं आणि मग सोडतं. कमरेपाशी केसांच्या गुठळ्या होतात, कारण तिथवर मान वळत नाही. नखं वाढून फरशीवर टकटक वाजू लागतात. लिटर बॉक्सच्या शेजारीच घाण होते आणि घरचे त्याला खोडी समजतात. उंच कडेवरून पाय टाकणं जमत नाही हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पाठीवरून हात फिरवला की एरवी शहाणी असलेली भाटी वळून फिस्स करते.

लॅसेल्स यांच्याच गटाने पुढे, २०२० मध्ये, घरच्यांसाठी सहा साधे प्रश्न निवडले: नेहमीसारखं पळतं का, उडी मारून चढतं का, उतरतं का, जिना चढतं का, उतरतं का, हलत्या वस्तूमागे धावतं का. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘पूर्वीसारखं नाही’ असलं तर डॉक्टरशी बोलायला ते पुरेसं कारण आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठाने २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाजवळचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच खुणांना शून्य ते दोन गुण; दहापैकी चार किंवा जास्त आले की वेदनाशामक लागतं. यात कान पहिलेच: ते एकमेकांपासून दूर जाऊन बाहेरच्या बाजूला वळतात. ही पट्टी तीव्र वेदनेसाठी बनवलेली आहे, सांध्यांच्या जुन्या ठणक्याला ती पुरी पडत नाही, तरी नजर तयार करायला फार उपयोगी.

वय हा रोग नाही. १२ वर्षांचं मांजर म्हणजे साधारण ६४ वर्षांचा माणूस. या वयाची आजी जिना उतरताना कठडा धरू लागली तर आपण तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेतो, ‘झालं वय’ म्हणून खोलीत बसवत नाही.

उपचारांची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. पहिली गोष्ट जी करायची नाही: क्रोसिन, डोलो किंवा कुठल्याही नावाने येणारं पॅरासिटामॉल. माणसाचं यकृत ज्या विकराने ते निकामी करतं तो विकर मांजरात जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ मांजराचा जीव घेते. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ‘लहान मुलांचं सिरप, दोनच थेंब’ हेही नको. मांजरासाठी याची सुरक्षित मात्रा नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचीही गत तीच.

डॉक्टर देतात त्यांत मेलॉक्सिकॅम सर्वांत परिचित, आणि त्याच्यावरूनच जगाचे दोन तट आहेत. युरोपात ते अगदी कमी मात्रेत दीर्घकाळ द्यायला परवानगी आहे. अमेरिकेत २०१० पासून त्याच्या वेष्टनावर चौकटीत इशारा छापतात की मांजराला पुन्हा पुन्हा दिल्यास मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. दोन्ही बाजूंना आधार आहे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा रोग आणि सांध्यांची झीज पुष्कळदा एकत्रच नांदतात, त्यामुळे ज्याला औषध हवं त्यालाच ते सर्वांत जोखमीचं. माझं मत युरोपच्या बाजूचं आहे, पण रक्त आणि लघवी तपासूनच, कमीत कमी मात्रेत, आणि मांजर खात-पीत असेल तोवरच. जेवण सोडलं त्या दिवशी औषधही बंद. आणि बाटली तपासून घ्यावी: मांजराच्या द्रावणात एका मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम असतं, कुत्र्याच्या द्रावणात दीड. तिप्पट.

नवं औषध आहे फ्रुनेव्हेटमॅब, महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. वेदनेचा निरोप वाढवणाऱ्या एका प्रथिनाला हे प्रतिपिंड अडवून धरतं. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुठल्याही प्राण्यासाठी मंजूर केलेलं हे पहिलं मोनोक्लोनल प्रतिपिंड. मूत्रपिंडांवर त्याचा भार पडत नाही हा मोठा फायदा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांनी आपल्या डॉक्टरला याबद्दल जरूर विचारावं.

औषध लागू पडलं हे ठरवायचं कसं, हा या क्षेत्रातला सर्वांत रंजक पेच. चाचण्यांमध्ये पाणी दिलेल्या मांजरांचे मालकही ‘फरक पडला’ असंच सांगतात, कारण आशेने बघणाऱ्याला फरक दिसतो. २०१४ च्या एका प्रयोगात लॅसेल्स यांच्या गटाने काही मांजरांना मेलॉक्सिकॅम आणि काहींना नुसतं द्रावण दिलं. मालकांच्या उत्तरांत फरक निघाला नाही. मग मालकांना न कळू देता औषध थांबवलं. तेव्हा मेलॉक्सिकॅमवाल्या मांजरांचे मालक बिघाड झाल्याचं सांगू लागले. सुधारणा त्यांना ओळखता आली नव्हती, घसरण लगेच कळली. ग्लुकोसामाइनच्या पुड्या आणि गोळ्या ज्या उत्साहाने विकल्या जातात, त्याकडे हा प्रयोग आठवून बघावं. त्यांच्या बाजूचा पुरावा फार पातळ आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा थोडा बरा. पैसे खर्चच करायचे तर आधी वजनकाट्यावर करावेत. चार किलोच्या मांजराचं एक किलो वाढलं म्हणजे पाव वजन वाढलं, ६० किलोच्या माणसाचं ७५ व्हावं तसं. मात्र उपाशी ठेवून वजन उतरवू नये. जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं की यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं.

सांध्यांचे सगळेच रोग म्हातारपणीचे नसतात. दूध-भातावर किंवा नुसत्या उकडलेल्या चिकनवर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम पुरत नाही. शरीर ते हाडांतून काढतं, आणि सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. बिनहाडाचं मांस म्हणजे पौष्टिक ही समजूत इथे महागात पडते. याच्या उलट रोज कलेजी. कसायाकडे स्वस्त मिळते, मांजर वेड्यासारखं खातं, आणि वर्षानुवर्षं तेच दिलं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जुळतात. असं मांजर मान वळवू शकत नाही, अंग चाटू शकत नाही. आठवड्यातून एखादा तुकडा ठीक. थाळीभर रोज नको. ताप येऊन पिल्लू आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडत असेल तर तो कॅलिसी विषाणूचा प्रताप असू शकतो आणि काही दिवसांत जातो. उंच इमारतींतून पडणं हा शहरी प्रकार: न्यूयॉर्कच्या १९८७ च्या एका अभ्यासात पडलेली १३२ मांजरं होती आणि त्यांतल्या उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के जगली, म्हणून लोक निर्धास्त होतात. जगण्याच्या त्या आकड्यात चिरडलेले सांधे मोजलेले नाहीत. तिथे पुढे झीज ठरलेली. खिडकीला जाळी लावण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

घरात करायचे बदल स्वस्त आहेत. लिटर बॉक्सची एक कड कापून चार-पाच सेंटिमीटरवर आणावी. आवडत्या खिडकीखाली एक स्टूल आणि त्याआधी पाट ठेवला की दोन लहान पायऱ्या होतात. घसरणाऱ्या टाइल्सवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी. नाशिक-पुण्याच्या थंडीत कोपऱ्यात घोंगडी. खाणं, पाणी आणि लिटर एकाच मजल्यावर. नखं महिन्याला कापावीत. वाढलेलं नख वळून पंजाच्या गादीत शिरलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या मांजराला घरचे ‘संधिवात’ म्हणत होते.

राहिला प्रश्न डॉक्टरचा. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे आहेत. तिथल्या डॉक्टरसमोर मांजर क्वचित येतं, त्याचा दोष त्याला देता येत नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण दवाखाना कितीही चांगला असो, तिथे पोचलेलं मांजर भीतीने एक तर दगड होतं, नाहीतर लंगडणं विसरून टेबलाखाली पळतं. कोपर वाकवून बघू देत नाही, कानात ऑटोस्कोप जाऊ देत नाही. म्हणून घरी असतानाच फोनवर चित्रण करून न्यावं: जिना उतरताना, पलंगावर चढताना, खाजवताना. प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. कान आदल्या दिवशी साफ करू नये, मळ तसाच डॉक्टरला दिसू द्यावा. आतापर्यंत घातलेलं प्रत्येक तेल, थेंब आणि गोळी यांची नावं कागदावर लिहावीत, लाज वाटली तरी. पुढचं औषध कोणतं चालेल हे त्यावरच ठरतं.